वाकळीत गुंडाळलेल्या मशीनचा लाल शेरा

आमच्या घरात अविश्वास वडिलोपार्जित आहे. आजोबा दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी घरातले टाक, शेंदूर फासलेले दगड सगळे नाल्यात सोडून दिले. पुढे घरात कुणी 'बाहेरचं', 'उतारा', 'लागीर' असा शब्द काढला की ते जेवत्या ताटावरून उठून जात. बावीस प्रतिज्ञा वाचत मी मोठा झालो, मग इंजिनियर झालो, आयुष्यभर कॉम्प्युटरशी बोललो. न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात लिहिण्याची पाळी माझ्यावर येईल असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

तरी लिहितोय. जे घडलं ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं… आणि त्याबद्दल मी चारचौघांत एक खोटं सांगून ठेवलं आहे. सत्तरी ओलांडल्यावर असली खोटी घशात टोचायला लागतात.

आधी थोडं कामाबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. आम्ही स्टोरेजचे डबे बनवायचो, म्हणजे एका लोखंडी पेटीत पुष्कळशा हार्ड डिस्क आणि त्यांच्यावर एखाद्या संस्थेचा सगळा डेटा. क्लाउड म्हटलं की लोकांना वाटतं डेटा आभाळात असतो. तो असतो असल्याच कुठल्यातरी डब्यात. जगभरातली माणसं मिळून एक खुलं सॉफ्टवेअर लिहितात, ते कुणीही फुकट घ्यावं आणि आपल्या यंत्रांवर स्वतःचं क्लाउड उभं करावं. त्या सॉफ्टवेअरला आमच्या डब्याशी बोलता यावं म्हणून मधे एक दुभाष्या लागतो. त्याला प्लगइन म्हणतात. आमच्या डब्याचं प्लगइन आमच्या टीमने लिहिलं होतं.

आता मूळ सॉफ्टवेअरमध्ये रोज कुणी ना कुणी बदल सुचवत असतं. तो बदल आमच्या डब्यावर चालतो की नाही हे त्यांना कसं कळणार? त्यांच्याकडे डबा नाही. म्हणून नियम असा, की ज्याचं प्लगइन त्याने आपलं तपासणी मशीन कायम चालू ठेवायचं. बदल आला की मशीनने तो आपोआप उतरवून घ्यायचा, खऱ्या डब्यावर चाचण्या चालवायच्या, आणि सगळ्या जगाला दिसेल अशा पानावर शेरा टाकायचा. चाललं तर हिरवा, नाही चाललं तर लाल. ज्याचं मशीन गप्प बसतं किंवा भलतेसलते शेरे देतं, त्याचं प्लगइन पुढच्या आवृत्तीतून बाहेर.

आमची कंपनी बंद पडली, पण डबे राहिले. काही कॉलेजांत आहेत, एका डोळ्यांच्या दवाखान्यात आहे. तिथे पेशंटच्या डोळ्यांचे सगळे फोटो त्यावरच आहेत. नवीन डबा घ्यायची त्यांची ऐपत नाही. प्लगइन बाहेर गेलं तर या सगळ्यांचा रस्ता बंद. म्हणून निवृत्त होऊन मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या आसेगावला आलो तेव्हा एक जुना डबा आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर मी सोबत आणला. हेच आमचं तपासणी मशीन. ते समोरच्या खोलीत घरघरत असायचं. पाहुणे विचारायचे, चक्की टाकली का?

आमच्या धंद्यात एक वाईट सवय आहे. लाल शेरा आला की कारण न बघताच माणूस पानावर एक शब्द लिहून टाकतो, 'रीचेक'. मशीन सगळ्या चाचण्या पुन्हा चालवतं. लाईट गेली असेल, नेट अडखळलं असेल… पुन्हा चालवलं की बहुतेक वेळा हिरवं होतं. हिरवं झाल्यावर आधी लाल का झालं होतं हे कोण बघतं?

मी नाही बघितलं. आता वंदनाबद्दल सांगावं लागेल.

वंदना मंगरूळपीरची. पुण्यात माझ्या हाताखाली होती. डेटाची जागा वाढवण्याचं काम चालू असतानाच त्या डेटाची प्रत काढली तर काय होतं, याची चाचणी तिने लिहिली होती. ती चाचणी अधूनमधून लाल यायची. ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "सर, प्रत कधी कधी अर्धवट येऊन राह्यली. शेवटचा तुकडाच नाई तिच्यात."

मी मान वर न करता म्हणालो, "रीचेक मार न."

हिरवं झालं. आम्ही ते विकलं. काही महिन्यांनी एका ग्राहकाच्या प्रतीचा शेवटचा तुकडा खरोखरच गायब निघाला. चौकशी झाली. चाचणीवर नाव वंदनाचं होतं, म्हणून ठपका तिच्यावर आला. ती बोलली होती, मी ऐकलं नव्हतं — एवढं एक वाक्य मला त्या खोलीत बोलायचं होतं. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसलो. वंदनाने राजीनामा दिला आणि मंगरूळपीरला येऊन कॉम्प्युटर क्लास काढला. पुढची किती तरी वर्षं आम्ही बोललो नाही.

असो. गेल्या हिवाळ्यात दूरदेशीच्या मार्टाबाईंचा निरोप आला. त्या खुल्या सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती बाहेर काढायची जबाबदारी त्यांच्याकडे. बाई सभ्य, पण स्पष्ट. तुमचं मशीन फार खोटे लाल देतं, त्याला भरवशाची जागा बघा. आवृत्ती बंद होण्याआधी, म्हणजे तिच्यात नवे बदल घेणं थांबण्याआधी, अजून एक खोटा लाल आला, तर प्लगइन काढावं लागेल.

चूक नव्हती त्यांची. आमच्याकडे लाईट जायची, नेट जायचं, आणि मशीन मधेच अडकून लाल टाकून मोकळं व्हायचं. चांगली जागा कुठे आहे, हे मला माहीत होतं. आमच्या सौभाग्यवतींनाही माहीत होतं.

"मंगरूळात वंदनाचा क्लास हाय न," कुसुम म्हणाली. "मोठं इन्व्हर्टर हाय, नेट हाय. कायले तळमळून राह्यले?"

"तिच्याकडे कोणत्या तोंडानं जाऊ?"

"हायच एक तोंड तुमाले. तेच घेऊन जा. धुऊन जा जरा."

मी फोन केला. वंदनाने सगळं ऐकून घेतलं. "खोली घ्या, सर," ती म्हणाली. "तो डब्बा पुण्यात मीच बसवला होता. त्याच्याशी माह्यं भांडण नाई."

मशीन हलवायच्या दिवशी सकाळी मी पानावर सूचना टाकली: मशीन बंद करत आहोत, आज शेरे येणार नाहीत. मग सगळं रीतसर बंद केलं, वायर काढल्या, आणि लाईटची वायर माझ्या खांद्यावरच्या पिशवीत टाकली. हे मुद्दाम सांगतो. वायर पिशवीत, पिशवी खांद्यावर. डबा आणि कॉम्प्युटर कुसुमच्या जुन्या वाकळीत बांधून रफिकभाईंच्या मालवाहू ऑटोत चढवला. एका टोकाला ते, एका टोकाला मी.

"सर," रफिकभाई धापा टाकत म्हणाले, "मय्यत उचलून राह्यलो का आपण?"

"जिवंत आहे अजून," मी म्हणालो. त्या वेळी तो विनोद होता.

रस्त्यात, हरभऱ्याची शेतं सुरू होतात तिथे, ऑटो पंक्चर झाला. आभाळ आलेलं, गार वारा. रफिकभाई मागून स्टेपनी काढायला गेले आणि वाकळीवर हात ठेवून थबकले. "सर, हा आतून गरम कायले लागून राह्यला? बंद हाय न?"

"ऊन लागलं असेल."

त्यांनी वर बघितलं. "ऊन कुठी हाय?"

मी हात लावला. कोमट होतं… कुत्र्याचं पिल्लू झोपून उठल्यावर त्याची जागा असते तसं. वाकळ जाड आहे, सकाळची ऊब आत राहिली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आजही तेच सांगतो. स्टेपनी बसवून आम्ही निघालो.

वंदना क्लासच्या दारात उभी होती. केस पिकले होते, चष्मा आला होता, उभं राहण्याची पद्धत तीच. तिने नमस्कार केला नाही, पाणीही विचारलं नाही. म्हणाली, "सर, दुसरं मशीन कधी घेतलं?"

"कोणतं दुसरं?"

"मंग हा शेरा कोनं टाकला?"

तिने हातातला मोबाईल पुढे केला. पानावर एका नव्या बदलाखाली आमच्या मशीनच्या नावाने लाल शेरा होता. आम्ही रस्त्यात होतो तेव्हाचा. बाकी सगळ्यांच्या मशीननी त्या बदलाला हिरवा दिला होता. एकटं आमचं लाल. आणि नापास झालेली चाचणी एकच: जागा वाढवताना काढलेली प्रत अर्धवट. शेवटचा तुकडा नाही.

मी मागे वळून ऑटोकडे पाहिलं. वाकळीची गाठ तशीच होती.

तुमच्या मनात येतील ते सगळे प्रश्न माझ्या मनात आले. आधीचा शेरा उशिरा पोचला असेल? नाही. तो बदलच मी वायर काढल्यानंतर कुणीतरी पाठवला होता. जो बदल जन्मलाच नव्हता त्याची तपासणी आधी कशी होईल? डब्यात बॅटरी असते, तिच्यावर चाललं असेल? ती बॅटरी चिमुकली, तिच्यावर डिस्क फिरत नाहीत. आणि नेट? हरभऱ्याच्या शेतात? दुसऱ्या कुणी आमच्या नावाने टाकला? शेरा टाकायला जी किल्ली लागते ती फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये होती. शिवाय अहवालात डब्याचा स्वतःचा नंबर होता. तो डबा चालू असताना, विचारल्यावरच सांगतो.

आणि इथे मी पुन्हा माती खाल्ली. चाचणी तिची, विषय तिचा, मी चकरावलेला. माझ्या तोंडून निघालं, "वंदना, तू तर नाही ना काही…?"

तिने मोबाईल खाली घेतला. "वा, सर. पुन्हा माह्याच नावावर का?"

मला वाटलं जमीन दुभंगावी. जमिनीऐवजी रफिकभाई बोलले. "सामान उतरवू का वापस नेऊ? तुमी ठरवून घ्या, मले शेलूबाजारले जा लागते."

"उतरवा," वंदना म्हणाली. "डब्ब्याचा काय गुन्हा?"

मशीन आत नेलं, जोडलं, चालू केलं. तोच बदल त्यावर चालवला. हिरवा. पुन्हा चालवला. हिरवा. तेवढ्यात पानावर मार्टाबाईंचा मजकूर आला: तुमचं मशीन आज बंद होतं ना? बाकी सगळे हिरवे आहेत. हा खोटा लाल दिसतो. कृपया रीचेक.

सुटकेचा रस्ता बाईंनीच दाखवला होता. एक शब्द लिहायचा. मशीन हिरवा देणार हे मी आत्ताच पाहिलं होतं. प्लगइन वाचणार, दवाखाना वाचणार, मी वाचणार. आणि लाल खरा असला तर? मग तो बदल सगळ्यांच्या क्लाउडमध्ये जाणार, आणि कुठेतरी कुणाच्या तरी प्रतीचा शेवटचा तुकडा गुपचूप गळून पडणार. उलट मी लालवर अडून बसलो आणि तो खोटा निघाला, तर प्लगइन त्याच दिवशी संपलं. अडून बसायला माझ्याकडे पुरावा काय होता? वाकळीत बांधलेल्या बंद मशीनचा शेरा!

बोटं किबोर्डवर होती. 'री' लिहून झालं होतं.

"लिहा न," वंदना मागून म्हणाली. "हातच बसला हाय तुमचा."

मी ते खोडलं. खुर्ची तिच्याकडे फिरवली. "वंदना, तू सांग. लाल खरा आहे का?"

तिने ओढणी खोचली आणि दुसरी खुर्ची ओढली. "हे तेव्हाच विचारलं असतं न, सर…" तिने किबोर्ड स्वतःकडे ओढला. "सरका तिकडं. चालवत राहू. तो एकदम लाल नाई होत, तुमाले आठवते का? अधूनमधून होते."

मी पानावर लिहिलं: रीचेक करणार नाही. लाल खरा असण्याची शक्यता आहे. हा बदल थांबवा, पुरावा देतो.

मार्टाबाईंचं उत्तर आलं. आवृत्ती बंद होईपर्यंत थांबते. त्यानंतर नाही.

आम्ही चालवत राहिलो. हिरवा, हिरवा, हिरवा… क्लासमधल्या पोरी टायपिंगला येऊन गेल्या, चहा झाला, संध्याकाळ झाली. मी घरी गेलो, दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने परत आलो. अजून हिरवाच. दुपारी मी हातपाय गाळून भिंतीला टेकलो असताना वंदनाने टेबलावर अशी थाप मारली की माऊस खाली पडला.

"आला! सर, लाल आला!"

लाल शेरा बघून इतका आनंद झालेली माणसं त्या धंद्यात आम्हीच असू.

पुढचं काम तिने केलं, मी फक्त बघत होतो. तिने बदल ओळ न ओळ वाचला. नव्या बदलात कुणीतरी काम वेगाने व्हावं म्हणून एक थांबा काढून टाकला होता. पूर्वी जागा वाढवून पूर्ण झाली की मगच प्रत सुरू व्हायची. आता प्रत आधीच धावत सुटायची. नव्या, चपळ डब्यांत जागा पापणी लवण्याआधी वाढते, म्हणून त्यांना फट दिसतच नाही. आमचा डबा म्हातारा, हळू. त्याच्यात फट रुंद होते आणि कधीतरी शेवटचा तुकडा तिच्यात पडतो.

"म्हणजे चूक सगळ्यांच्यात हाय," वंदना म्हणाली. "दिसून फक्त आपल्यातच राह्यली. थांबा, आता मी सगळ्यांचेच डब्बे म्हातारे करते."

तिने तीच चाचणी पुन्हा लिहिली. फरक एवढाच, की जागा वाढवताना मुद्दाम क्षणभर अडवून धरायची. ती त्या बदलाला जोडून पानावर पाठवली. पाठवली की जगातली सगळी तपासणी मशीनं ती आपापल्या डब्यावर चालवणार होती. आम्ही दोघं पान उघडं ठेवून बसलो.

पहिला लाल आला तो एका बड्या कंपनीच्या मशीनचा. मग दुसरा. मग एकामागून एक, ज्यांनी ज्यांनी हिरवा दिला होता ते सगळे लाल होत गेले… अख्खं पान मिरच्या वाळत घातल्यासारखं लालेलाल! वंदना खुर्चीवरून उठून उभीच राहिली. मी म्हातारा माणूस, मी टाळ्या वाजवत होतो. पोरी धावत आल्या. "काय झालं, मॅडम?" वंदना म्हणाली, "सगळे नापास झाले वं!" आणि इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

तो बदल मागे घेतला गेला. थांबा परत बसला. मार्टाबाईंनी सगळ्यांना उद्देशून लिहिलं की एका जुन्या डब्याने आणि त्याच्या माणसांनी या आवृत्तीची अब्रू राखली, आणि हे प्लगइन कुठेही जाणार नाही. मला दुनियाभरातून अभिनंदन यायला लागलं. 'तायडे सर, तुमच्या अनुभवाला सलाम' वगैरे.

त्या दिवशी मी पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसलो नाही. त्याच पानावर, सगळ्यांसमोर लिहिलं: अशीच चूक वंदनाने कित्येक वर्षांपूर्वी पकडली होती. मी तिला रीचेक करायला सांगितलं. नंतर ठपका तिच्यावर आला आणि मी गप्प बसलो. अनुभव तिचा आहे, सलाम तिला करा. वंदनाने ते माझ्या खांद्यावरून वाचलं. "शुद्धलेखन बरं हाय तुमचं," एवढंच म्हणाली. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा जेवायला थांबवून घेतलं. आज त्या प्लगइनची मुख्य जबाबदारी तिच्या नावावर आहे, आणि मी तिच्या हाताखाली काम करतो. कुसुमला ही व्यवस्था फार पसंत आहे.

खोटं राहिलं ते याच गडबडीत. मार्टाबाईंनी विचारलं होतं, मशीन बंद असल्याची सूचना होती, मग शेरा आला कसा? मी घाईत लिहून टाकलं: आमच्याकडे एक स्टँडबाय मशीन आहे. साफ खोटं. दुसरं मशीन कधीच नव्हतं. आजोबांचा नातू जगासमोर काय लिहिणार होता — डबा झोपेत बोलला?

हे खोटं वंदनाला खुपत होतं. परवा ती म्हणाली, "सर, माह्या प्लगइनच्या पानावर खोटी गोष्ट नको. मशीन बंद होतं तं बंद होतं म्हणा. लोक हसले तं हसू द्या." म्हणून मी मार्टाबाईंना खरं कळवलं, आणि इथे तुम्हालाही सांगतोय. बाईंचं उत्तर दोन ओळींचं आलं. मलाही कारण सुचत नाही. मशीन चालू ठेवा.

मी अजूनही भूत मानत नाही. वंदनाही मानत नाही. रफिकभाई मानतात, पण ते म्हणतात डब्ब्यात नसते. आमच्या माहितीतल्या सगळ्या हुशार लोकांना मी विचारलं, प्रत्येकाने काहीतरी सुचवलं, आणि प्रत्येक वेळी ते एकाच जागी येऊन अडलं: वायर माझ्या पिशवीत होती.

वंदनाने आमच्याकडे आता एक नियम केला आहे. लाल आला की रीचेक लिहायचं नाही. आधी कारण शोधायचं, ते शेऱ्याखाली लिहायचं, आणि लिहिणाऱ्याने आपलं नाव घालायचं. जुन्या सगळ्या लाल शेऱ्यांखाली आम्ही बसून कारणं लिहिली. लाईट, नेट, डिस्क, आमची चूक. त्या एका शेऱ्यापाशी आलो तेव्हा मी किबोर्ड तिच्याकडे सरकवला. मग तिने लिहिलं, आणि खाली दोघांची नावं घातली, आधी तिचं, मग माझं:

'लाल बरोबर होता. कारण माहीत नाही.'